मासे न धरणारा माणूस

ज्या दिवशी गावाने काकांना नदीवर बसायला मनाई केली, त्या दिवशी मी सभेत होते. सरपंचांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही." सभा संपली आणि काका घरी गेले. त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. पुढच्या वर्षी भाद्रपदात ते वारले.

ते माझे सख्खे काका नव्हते. त्यांची बहीण आमच्या शेजारच्या घरात दिलेली होती. ती गेल्यावर तिचा मुलगा नोकरीसाठी अंबरनाथला राहायला गेला, घर रिकामं पडलं, आणि एक दिवस हे गृहस्थ पत्र्याची पेटी आणि गुडघ्याखाली येणारा हिरवा रेनकोट घेऊन तिथं राहायला आले. मूळचे शहापूरकडचे, डोळखांबच्या बाजूचे, एवढंच आम्हाला कळलं. लग्न केलेलं नव्हतं. आयुष्य बोटीवर गेलं होतं, स्वयंपाकी म्हणून. आमचं गाव धसईच्या पुढे, सिद्धगडाकडे जाताना लागतं. इथं बाहेरचा माणूस आला की तो कोणाकडे आला, किती दिवसांसाठी आला आणि त्याला नेमकं काय पाहिजे, हे आठवडाभरात गावाला कळावं लागतं. काकांना काय पाहिजे होतं ते गावाला कळलं नाही, म्हणजे कळलं तेव्हा पटलं नाही.

लोकांच्या लक्षात आधी आला तो त्यांचा आवाज. पायवाटेला वळण आलं की ते अलीकडेच थांबायचे, दोन टाळ्या वाजवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "येतोय हां. मी येतोय." मग पुढे जायचे. पलीकडे कोणी असो नसो.

"कोणाला सांगता, काका?" मी एकदा विचारलं.

"जो असंल त्याला."

"आणि कोणी नसलं तर?"

"मग बरंच हाय की."

समोरून माणूस, म्हैस, मोटरसायकल, काहीही आलं तरी ते अंग तिरकं करून वाटेच्या कडेला उभे राहायचे आणि समोरचा जाईपर्यंत जमिनीकडे बघायचे. "पाठ दाखवायची नाय, पळायचं नाय, डोळ्यात बघायचं नाय. वाट त्याची हाय असं समजायचं," हे त्यांचं सांगणं. खिशात खायची वस्तू कधी ठेवत नसत. मुरबाडला माझ्याबरोबर एसटीने आले तर शेंगदाण्याची पुडी स्टँडवरच संपवून, हात धुऊन मगच गाडीत चढायचे. घरात भाकरी, गूळ, सुकट, सगळं एका झाकणाच्या डब्यात घालून आढ्याला टांगलेलं. शेजारच्या बायकांना त्या डब्याविषयी फार उत्सुकता होती.

माझ्या वडिलांना तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. "जो एवढा आवाज करून येतो," ते म्हणायचे, "तो गुपचूप कवा येतो ते बघाया पायजे."

या सगळ्या सवयींचं कारण काकांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. बोटीवरची नोकरी सोडल्यावर ते काही उन्हाळे अमेरिकेच्या वरच्या टोकाला, अलास्कात, एका कॅम्पात स्वयंपाकाला होते. तिथं रस्ता नव्हता. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून पाहुणे यायचे. ते नदीवर अस्वलं बघायला यायचे. तपकिरी, आपल्याकडच्या अस्वलाच्या तिप्पट. समुद्रातून सॅमन मासा नदीला चढायचा आणि अस्वलं तो धरायची.

"धबधबा म्हणजे लय मोठा नाय गो," काका मला सांगत होते. "आपल्या कातळाच्या पायरीपरीस जरासा उंच. मासा खालून उडी मारतो. वर अस्वल उभा, तोंड उघडून. धरत नाय तो. नुसता उभा राहतो. मासा येतो तोंडात."

"मासा काय येडा हाय?" वडिलांनी विचारलं.

"येडा नाय. त्याला घरी जायचं असतं. जिथं अंड्यातनं निघाला तिथं जाऊनच मरायचं असतं. मधी अस्वल असलं तरी जाणार."

"आणि गेला तर काय मिळतं?"

"काय मिळायचंय. मरतो."

वडील माझ्याकडे बघून हसले. काकांचं लक्ष नव्हतं. ते दोन्ही हात पुढे करून अस्वल दाखवत होते. सगळ्यात मोठं अस्वल धबधब्याच्या माथ्यावर उभं राहतं आणि ती जागा त्याचीच. दुसरं आलं की नुसतं मान वळवून बघतं, आलेलं मागे सरतं. पिल्लं असलेली आई झाडीत थांबते, नर जाईपर्यंत, कधी कधी अख्खा दिवस. एक तरणं अस्वल पाण्यात नुसतं धावत सुटायचं, चहूकडे पाणी उडवायचं आणि त्याला एकही मासा मिळत नसे. एक होतं ते स्वतः कधी धरतच नसे, दुसऱ्याच्या तोंडातला ओढायचं. आणि एक कान फाटका म्हातारा. तो धबधब्याखाली फेसात बसून राहायचा, पाणी गळ्यापर्यंत, आणि डोळे मिटून पायांनी चाचपायचा. मासा पायाला लागला की खाली डोकं घालायचा. त्याला काका मामा म्हणायचे.

"लय मासे झाले की सगळा मासा खात नाय," ते म्हणाले. "कातडी, अंडी, डोकं. बाकीचा टाकतो. ते पाखरं नेतात. तिथं कुणी उपाशी राहत नाय."

"कान कुठला फाटला व्हता?" वडिलांनी मध्येच विचारलं.

"उजवा."

"मागल्या टायमाला डावा बोललास."

"तोंड माझ्याकडं असलं की डाव्याचा उजवा होतो," काका म्हणाले.

उन्हाळे किती, हेही असंच. कधी दोन व्हायचे, कधी तीन. मी मुरबाडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. शब्दाला शब्द जुळतो का हे बघायची मला सवय आहे. मी प्राण्यांवरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढून त्यातलं अस्वलांचं प्रकरण वाचलं. काका सांगत होते ते बहुतेक सगळं त्यात होतं, पिल्लांच्या आईचं झाडीत थांबणंसुद्धा. खरं म्हणजे इथं माझा संशय कमी व्हायला हवा होता. मला वाटलं, मी जे वाचू शकते ते त्यांनीही कुठं वाचलं असेल, किंवा बोटीवर कोणाकडून ऐकलं असेल. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं काहीतरी त्यात असायला हवं, असं मला वाटायचं, आणि ते मला सापडत नव्हतं.

"एखादा फोटो नाही का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"फोटो काढणारे वर लाकडी माचीवर उभे असायचे. मी खाली भांडी घासत होतो."

"मग अस्वलं कधी बघितलीत?"

"भांडी घासता घासता."

पासपोर्ट दाखवा म्हटलं तर म्हणाले, वाळवीने खाल्ला. हे मी वडिलांना सांगितलं नाही.

गावातल्या पोरांनी त्यांची वेगळीच परीक्षा घेतली. आता अस्वलं बघायला विमान लागत नाही. धसईला चहाच्या दुकानात एकाने मोबाईलवर तोच धबधबा, तीच अस्वलं लावली आणि काकांच्या हातात दिली. "घ्या काका, तुमची मंडळी. वळखतात का बघा तुमाला." सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. मीही. काकांनी अर्धा मिनिट बघितलं आणि मोबाईल परत दिला.

"आवाज बरोबर नाय."

"आवाज कशाला पायजे? चित्र बघा की."

"तिथं नदीचा आवाज एवढा असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाय. ह्यात अस्वलाचं घुरघुरणं ऐकू येतंय. कुणीतरी मागनं घातलंय."

पोरं हसली. "काका, तुमीच मागनं घातलंय सगळं."

काकाही हसले. त्यांना राग आलेला मी कधी पाहिला नाही, आणि हेही मला संशयास्पद वाटायचं. खरं बोलणाऱ्याला कोणी खोटं पाडलं तर त्याने चिडायला नको का?

धसईच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही करमणूक होती. ते भाजीच्या रांगेच्या टोकाला उभे राहून माणसं बघायचे. "तो बघ, वांग्यांवाला. माथ्यावरची जागा. कुणी आलं की नुसता बघतो. आणि ती बाई, पोर काखेत, कशी कडेनं थांबलीय. मोठा गिऱ्हाईक हलला की पुढं येईल." आणि खरोखरच ती यायची. मुरबाडच्या स्टँडवर ते मला म्हणाले, "एसटीत आधी कोण चढतो ते नको बघू. शेवटी कोण उभा राहतो ते बघ. त्याला लांब जायचं असतं." मी हे पुष्कळदा पडताळून पाहिलं आहे. निम्म्या वेळा खरं निघतं.

आता नदीचं सांगायला हवं, कारण भांडण नदीवरून झालं.

पाऊस लागून चार-सहा दिवस झाले, नदी गढूळ होऊन वाहायला लागली, की खालचे मासे अंडी घालायला वर चढतात. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. आमच्या गावाजवळ नदीत कातळाच्या तीन पायऱ्या आहेत. मासा एकेक पायरी उडी मारून चढतो, वितीएवढा, कधी हातभर. त्या पायऱ्यांवर बांबूच्या कामट्यांचे पिंजरे लावतात. कोणाचा पिंजरा कुठं लागायचा हे ठरलेलं आहे, आज्यापणज्यापासून. त्यावर कोणी वाद घालत नाही. मधली पायरी सगळ्यात चांगली, तिथं पाणी एका घळीतून येतं आणि प्रत्येक मासा तिथूनच जातो. ती जागा आमची. वलगणीचे ते चार-पाच दिवस वडील वेगळेच माणूस असतात. वर्षभर त्यांना गावात कोणी फारसं विचारत नाही. त्या दिवसांत घरोघर मासे वाटत फिरतात, आणि लोक दारात उभे राहून त्यांची वाट बघतात.

काका आले त्या वर्षीपासून वलगणीला सकाळीच रेनकोट घालून समोरच्या कातळावर जाऊन बसायचे. पिंजरा नाही, जाळं नाही. दिवसभर बसायचे. एकदा पाणमांजराची जोडी आली, पाण्यात बुडी मारून मासा तोंडात घेऊन दगडावर बसली, तेव्हा त्यांनी मला हाताने खुणावून बोलावलं आणि कानात सांगितलं, "मामा." एवढंच. त्यांचे डोळे ओले होते की पावसाचं पाणी होतं, मला कळलं नाही.

पण आमच्याकडे वलगणीला नदीवर जो येतो तो मासे धरायला येतो. जो धरत नाही तो कशाला येतो? "बसतो, बघतो, आन् जातो," वडील म्हणायचे. "मासं देऊ केलं तर घेत नाय. म्हंजे त्याला मासं नकोत. मंग काय पायजे?"

काय पाहिजे ते काकांनी तिसऱ्या वर्षी स्वतःच सांगितलं. आमच्या ओट्यावर येऊन, तिरके उभे राहून, जमिनीकडे बघत. "मधल्या पायरीवरचा पिंजरा एक दिवस काढा. एकच दिवस. तेवढ्यात पुरेसे वर जातील. तीन वर्सं बघतोय, दरसाल कमी येतात. अस्वलसुद्धा सगळे धरत नाय."

"आमी काय अस्वलं हाव?" वडील म्हणाले.

"नाय. म्हणूनच सांगतो."

वडील आत गेले. त्यांना ते एका दिवसाच्या माशांबद्दल वाटलं नाही. जागा सोडा, असं त्यांना ऐकू आलं. बाहेरून आलेला माणूस जागा सोडा म्हणतो, याचा आमच्या भागात एकच अर्थ होतो.

तो अर्थ असा. काही वर्षांपूर्वी आमच्या नदीवर धरण होणार अशी बातमी आली होती. मोजणीवाले आले, त्यांनी सागाच्या खोडांवर आणि कातळांवर तांबड्या रंगाने रेघा ओढल्या, आकडे घातले. पाणी कुठपर्यंत येणार त्याच्या त्या खुणा होत्या. लोकांनी मोर्चे काढले, काम थांबलं, पण रद्द झाल्याचं कोणी कधी सांगितलं नाही. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, पुन्हा सुरू होणार. तेव्हापासून कोणी फुटपट्टी घेऊन नदीवर गेलं तरी गावात कळतं.

आणि ओट्यावरच्या त्या बोलण्यानंतरच्या उन्हाळ्यात काकांनी मधल्या पायरीजवळच्या कातळावर तांबड्या ऑइलपेंटने पाच रेघा ओढल्या. एकावर एक. बाजूला आकडे, एक ते पाच.

मला त्यांनी आधीच सांगितलं होतं. कॅम्पात नदीत अशी खुणांची काठी असायची. पाणी किती आहे त्यावर मासा चढणार की नाही ते कळायचं, त्यावरून पाहुणे किती वेळ बाहेर राहणार ते कळायचं, आणि त्यावरून स्वयंपाक्याला पावाचं पीठ किती भिजवायचं ते ठरवता यायचं. इथं त्यांना दाखवायचं होतं की पाणी दोनच्या खुणेवर आलं की मासा पायरी चढतो आणि चारच्या वर गेलं की चढू शकत नाही. म्हणजे पिंजरा काढायचा तो एक दिवस कोणता, हे नेमकं सांगता आलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. मी ते ऐकून "हं" म्हटलं होतं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना धसईला पाहिलं. एक पांढरी जीप उभी होती, तिच्या टपावर तिपाई बांधलेली. दोन माणसं. काका त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते, माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं. मग ते खाली बसले आणि काडीने जमिनीवर काहीतरी काढू लागले. नदीसारखी एक लांब वळणदार रेघ, तिच्यावर आडव्या रेघा. माणसं वाकून बघत होती.

संध्याकाळी मी विचारलं, "ते कोण होते?"

"वाट विचारत होते."

"वाट सांगायला जमिनीवर चित्र काढतात?"

"मी काढतो."

मी त्या रात्री बराच वेळ विचार केला. फाटक्या कानाचा विचार केला, वाळवीने खाल्लेल्या पासपोर्टचा केला, दोन की तीन उन्हाळ्यांचा केला. ज्याची छोटी गोष्ट खात्रीची नाही त्याची मोठी कशी मानायची, असं मला वाटलं.

सभा मारुतीच्या देवळासमोर झाली. काका सगळ्यांच्या समोर, खांबाजवळ उभे होते. त्यांनी सांगितलं, माशांची खूण आहे.

"माशाला आकडं वाचता येतात काय?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मासं एक दिवस सोडा म्हनतो, मंग बोलंल जागा सोडा, मंग बोलंल घर सोडा," एक म्हातारी म्हणाली. "पाणी कवा कुठवर येनार ते लिवून ठेवलंय त्यानं."

"जीपवाल्यांशी बोलत व्हता धसईला. आमी बघितलं."

म्हणजे ते बघणारी मी एकटी नव्हते. सरपंच वयाने माझ्याहून लहान आहेत, ते मला ताई म्हणतात. "ताई, तुमचं त्यांच्याकडं येणंजाणं हाय. तुमी शिकल्याल्या. ह्या खुणा कसल्या ते तुमीच सांगा. तुमी म्हणाल माशांच्या, तर माशांच्या. विषय मिटला."

वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला आठवतं की ते हाताचं एक नख दुसऱ्या नखाने कोरत होते. खुणा माशांच्या आहेत असं मी म्हटलं असतं, तर काका बसायला मोकळे झाले असते, आणि पुढच्या वलगणीला मधल्या पायरीवरचा पिंजरा एक दिवस काढावा की नाही, हा प्रश्न उरला असता. हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं की नंतर, मी खात्रीने सांगू शकत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. माझी साक्ष मला दर वेळी थोडी बदललेली वाटते, काकांच्या उन्हाळ्यांसारखी.

मी म्हटलं, "मला सांगता येणार नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी अंग तिरकं केलं, एक पाय मागे घेतला आणि जमिनीकडे बघत उभे राहिले. लोकांना वाटलं, गुन्हा कबूल केला. मी एकटीच जाणत होते की त्यांनी आम्हाला वाट दिली होती.

दुसऱ्या दिवशी चार जण छिन्नी-हातोडा घेऊन गेले आणि खुणा खरवडून आले.

काकांनी मनाई पाळली. वलगणीच्या दिवसांत ते घराच्या मागच्या पडवीत, नदीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसत. वळणावर आवाज देणं त्यांनी बंद केलं. ते अचानक समोर यायचे आणि मी दचकायचे. गावाला हे बरं वाटलं. "आता माणसासारखा चालाय लागला," शेजारची म्हणाली. वडिलांनी त्या वर्षी त्यांच्या घरी मासे पाठवले. काकांनी घेतले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. शिजवले का, ते मला माहीत नाही.

मी त्यांच्याकडे गेले ते श्रावणात. म्हटलं, "खुणा कसल्या ते मला माहीत होतं."

"मला ठाऊक हाय, तुला माहीत होतं."

"मग तुम्ही सभेत का बोलला नाहीत? ताईला विचारा, मी तिला सांगितलंय, असं?"

"तू जीप बघितली होतीस."

"कोण होते ते, काका?"

ते थोडं हसले. "आता मी सांगितलं तर ठेवशील इश्वास?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. मी आधी विचार केला, आणि तेवढ्यात त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी चहा टाकला. चहा पिताना त्यांनी सांगितलं की मोठं अस्वल आलं की लहान अस्वल जागा सोडतं, त्यात राग नसतो. मला ते ऐकवेना. मी कप अर्धा ठेवून उठले.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, आठ दिवसांनी परत आणलं. शेवटच्या दोन दिवसांत ते शुद्धीवर नव्हते. अस्वलांचं नावही त्यांनी घेतलं नाही. मी कान देऊन बसले होते, म्हणून सांगते.

दहावा नदीवर केला. भाचा आला होता, आणि त्याच्याबरोबर काकांचे एक चुलतभाऊ, डोळखांबकडून. वाकलेले, काठी टेकत आलेले. विधी चालू असताना ते कातळापाशी गेले आणि खरवडलेल्या जागेवरून हात फिरवला.

"इथं काय व्हतं?"

मीच सांगितलं. "तांबड्या रेघा होत्या. लोकांना वाटलं धरणाच्या आहेत."

"कुणी काढल्या?"

"काकांनीच."

म्हाताऱ्याने मान हलवली, पण नाही म्हणायला की हो म्हणायला ते कळलं नाही. "आमचं गाव पाण्यात हाय बाई," ते म्हणाले. "शहापूरच्या धरणात. आमी बारा-तेरा वर्साचं असू. घराघरावर तांबडी रेघ मारली व्हती, आमच्या दारावर पण. त्यानं ती विटंनं खरवडून काढली. बापानं बडवला. त्याला वाटलं रेघ गेली की पाणी येनार नाय. मंग तो गावातनं गेला तो बोटीवरच. तुमाला बोलला नसंल."

"नाही."

"आमाला पण त्याच्यावर कवा बोलला नाय."

सरपंच खाली बघत होते. वडील पाण्यात उभे होते, त्यांनी ऐकलं की नाही, मी विचारलेलं नाही. आपलं गाव धरणात गेलं, एवढं एक वाक्य सभेत बोलणं ज्याला इतकं सोपं होतं, तो ते का बोलला नाही? आणि ज्याने लहानपणी तो रंग खरवडला त्याने म्हातारपणी तोच रंग हातात का घ्यावा? भाचा म्हणाला, दरवाजा रंगवून उरलेला डबा घरात होता, तोच असेल. असेलही.

मी म्हाताऱ्याला शेवटचा प्रश्न विचारला. "काका अमेरिकेला होते का हो? अलास्कात?"

"बोटीवर व्हता ते खरं. कुठं कुठं गेला ते त्यालाच ठाऊक. सात-आठ वर्सं चिठ्ठी नाय, काय नाय. लोक बोलायचे जेलात हाय." मग म्हणाले, "का? काय बोलायचा?"

"अस्वलं बघितली म्हणायचे. मासे धरताना."

"असंल," ते म्हणाले. "त्याला बघाया लय आवडायचं."

यंदा वडिलांनी मधल्या पायरीवर पिंजरा लावला, आणि मासे मागच्या वर्षीपेक्षा कमी आले. त्यावर आम्ही घरात बोलत नाही. काकांच्या घराला भाच्याचं कुलूप आहे. धरणाचं काय झालं, ते कोणी सांगत नाही. अस्वलं खरी होती का, हे मला अजून माहीत नाही. या पावसात मी दोनदा समोरच्या कातळावर जाऊन बसले, आणि दोन्ही वेळा पलीकडच्या काठावर कोणीतरी उभं राहून मी काय करते ते बघत होतं.